सात मिनिटं

चर्चची किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात असते,
वीतभर लांब, आणि दोघांचीही.
वेदीकडची बाजू कॅथलिकांची, मधले बाक ल्यूथरवाल्यांचे,
छप्पर समाईक, गळतीही समाईक.
अल्सासच्या या उतारावर
तीनशे वर्षांपूर्वी कुण्या राजाने
हुकूम काढून दोघांना एका छपराखाली कोंबलं.
पर्यटक आता त्याला सहिष्णुता म्हणतात
आणि फोटो काढतात.

पगार मला दोघांकडून निम्मा निम्मा.
मिस्सा साडेनऊला संपायला हवी.
फादर हूगचं प्रवचन लांबतं
सात मिनिटं. कधीच सहा नाही.
बाहेर बर्फात ल्यूथरवाले उभे,
टोप्या घट्ट, ओठ त्याहून घट्ट.
मग दार उघडतं, हे निघतात, ते शिरतात,
धुपाचा वास अजून हवेत,
आणि म्हातारा एबरलिन खोकतो,
लागतं त्याहून जरा जास्तच.

परवा शहरातून एक मुलगी आली, वही घेऊन.
म्हणाली, तुमचा देव एकच, आणि खरा तोच, ना?
मग शेजाऱ्याचं चुकतंय हे तुम्ही चालवून कसं घेता?
एक तर श्रद्धा पातळ असणार,
नाही तर हा समजूतदारपणा ढोंग.
मी पितळ घासत होते. घासत राहिले.

सव्वीस वर्षं टपाल वाटलंय मी या खोऱ्यात.
सगळे रस्ते एकाच गावी जातात
असं म्हणणाऱ्यांनी पत्रं वाटलेली नसतात.
खालचा रस्ता गिरणीपाशी संपतो.
नुसता संपतो.
फादरना वाटतं, पास्टर रोइश वाट चुकलेत.
पास्टरना वाटतं, फादर.
दोघांनीही मला हे स्पष्ट सांगितलंय,
आणि पानगळीत दोघंही
एकमेकांच्या पायऱ्या झाडताना मी पाहिलंय.
जे पटतं ते सोसावं लागत नाही, पोरी.
सोसायला आधी काहीतरी खुपावं लागतं.

असं मी म्हणाले, आणि माझं मलाच आवडलं.
तिने लिहून घेतलं. गेली.
मग फडक्यावरचा हात थांबला.

चाळीस सालचा जुलै. किल्ली तेव्हा आईकडे होती.
गिरणीजवळ नेटरांचं कापडाचं दुकान,
मागे त्यांचं प्रार्थनाघर, एवढंसं, निळ्या दाराचं.
तासाभरात निघा, म्हणाले. माणशी एक बॅग.
सालोमे नेटर आमच्या दारावरून गेली,
हातात मुलाचे बूट,
मूल अनवाणी.
त्या रविवारी मिस्सा वेळेवर संपली.
दोन्ही प्रवचनं पिकांवर होती.
शेवटच्या आजारपणात आई म्हणाली,
"तेवढ्या एका रविवारी कुणी कुणाला खोळंबवलं नाही गं."
आम्ही तेही सोसलं.
सोसलं कसलं,
खपवून घेतलं.

खिळ्यांवरचा तो लाकडी माणूस,
त्याच्या गुडघ्यांवरची धूळ मी दर शनिवारी पुसते.
त्याने सोसलं, यावर दोन्ही बाजूंचं एकमत.
त्याने खपवून घेतलं, असं मात्र
कुणीच म्हणत नाही.
हा फरक माझ्या हाताला कळतो,
तोंडाने सांगायला गेलं की निसटतो.

तो एकच आहे, हे मी मानते.
माझा थिओबाल्ड ल्यूथरवाला होता.
दफनभूमीतल्या भिंतीपलीकडे आहे तो.
त्याचं काय केलंस, मी विचारते, गुडघे पुसता पुसता.
नेटरांचं काय केलंस.
उत्तर येत नाही.
पण मला कुणी हाकलतही नाही.

आज थंडी फार होती.
प्रवचन रंगात आलेलं,
मी मागचं दार उघडलं.
कुणी सांगितलं नव्हतं.
फादर हूग क्षणभर अडखळले, मग पुढे बोलू लागले.
बाकीचे बाहेरच राहिले, नियम नियम असतो.
एकटा एबरलिन आत आला,
टोपी काढून शेवटच्या खांबाशी उभा राहिला.
धूप त्याला सहन होत नाही.
कधीच झाला नाही.
प्रवचन संपेपर्यंत खोकत होता.