राज्य माझ्यावर

पहिल्या मंगळवारी एकच आला.
वेइक्का, वय बारा, जाकीट काढायला तयार नाही.
मी सहा खुर्च्या मांडल्या होत्या,
वेलदोड्याचे गोड पाव भाजून आणले होते,
वाचनालयाच्या दारावर माझ्या हातचा ड्रॅगन,
जो त्याच्या मते ओला कुत्रा होता.
"बाकीचे कधी येणार?"
वाटेत असतील, म्हटलं.
कोइवुलाहतीत दुपारी दोनलाच अंधारलं होतं
आणि वाटेवर होती फक्त बर्फ ढकलणारी गाडी.

तरी डाव मांडला.
भिडू एक, आणि राज्य माझ्यावर:
वादळ मी, सराईवाला मी, पुलाखालचा राक्षस मी,
बावीस वर्षं पुस्तकांवर शिक्के मारणारी मी.
त्याने वीस बाजूंचा फासा मुठीत धरला
आणि कितीतरी वेळ टाकलाच नाही.
"वाईट पडलं तर?"
"पडू दे. पडतं त्यालाच दान म्हणतात."

पुढच्या खेपेला त्याने लिबानला आणलं,
लिबानने धाकट्या भावाला,
कारण आईची इस्पितळात रात्रपाळी.
भाऊ सहा वर्षांचा. मोठे म्हणाले, हा कच्चा लिंबू.
तो टेबलाखाली शिरला आणि तिथून ओरडला,
मी लिंबू नाही, मी अस्वल आहे!
तेव्हापासून आमच्या टोळीत एक अस्वल आहे.
वाचता येत नाही. बेरीज सगळ्यांच्या आधी.

सिल्वी सोळाची.
ती वर्गात वर्षभर बोललेली नाही,
असं तिच्या बाईंनी मला आधीच फोनवर सांगून ठेवलेलं.
इथे तिने होडीवाली म्हातारी व्हायचं ठरवलं
आणि पैलतीरी न्यायच्या भाड्यावरून
वेइक्काशी चाळीस मिनिटं घासाघीस केली.
बाईंना मी काही कळवलं नाही.

नकाशाला कागद हवा होता.
कागदाची गिरणी बंद झाली त्या वर्षी
गावात घरटी एक रीळ आलं होतं, निरोपाचं.
वेइक्काच्या घरचं कुणी फोडलंच नव्हतं.
उलगडलं, तर टेबलावरून उतरून दारापर्यंत गेलं.
मुलांनी त्यावर नदी काढली, सात बेटं,
गणिताच्या सरांच्या नावाची एक दलदल,
आणि जिथे गिरणीचं धुरांडं उभं आहे
तिथे ड्रॅगनचा गळा. विझलेला.
हे मी सुचवलं नव्हतं.

तार्मो मुलाला न्यायला आला तो
पाचवा मंगळवार असेल, किंवा सहावा.
दारातच उभा, टोपी हातात, बुटांवरचं पाणी रिळाच्या कडेला.
टोळी गळ्याच्या तोंडाशी अडकलेली.
आत काय आहे? सगळे मला विचारत होते,
आणि खरं सांगायचं तर मलाही ठाऊक नव्हतं.
"शिडी," दारातून आवाज आला.
"लोखंडी. दोनशे चौदा पायऱ्या.
साठावी हलते. तिथे डावा हात भिंतीला लावायचा.
भिंत कोमट असते."
मग जरा थांबून, "असायची."

अस्वल टेबलाखालून बाहेर आलं
आणि त्याने तार्मोच्या तळहातावर फासा ठेवला.
दान पडलं: एक.
याहून वाईट दान नाही.
मुलांनी असा गलका केला की वर्तमानपत्रवाले आजोबा
शेजारच्या दालनातून बघायला आले.
तार्मो साठाव्या पायरीवरून कोसळला,
होडीवालीने त्याला दोराने ओढून घेतलं,
उधारीवर.
मग त्याने जाकीट काढलं.
त्याचं बघून वेइक्कानेही.

आठला दिवे आपोआप जातात. नगरपालिकेची काटकसर.
कुणीतरी नकाशावर फोनचा उजेड धरला.
घरी जा, म्हणायला हवं होतं;
किल्ल्या माझ्याच खिशात होत्या.
"मग?" सिल्वी म्हणाली.
"भिंतीला हात लावलाय. कोमट आहे का?"

शब्दकोशाच्या आडोशाला मी फासा टाकला.
काय पडलं ते तुम्हालाही सांगणार नाही.
भिंत कोमट होती.