रेषेची राखण

इस्नाच्या पुढे, जिथे ऊस संपतो,
तिथे पाव कापावा तसा डोंगर कापलाय.
मी बिसाती, अबुल-वफाचा मुलगा, त्या कापाचा राखणदार.
पगार सरकारी, म्हणजे उशिरा.
राखायची एक रेषा,
गुडघ्याइतक्या उंचीवर, करड्या मातीची.
चोराला न्यावंसं वाटेल असं तिच्यात काही नाही.

थंडीत लांबून माणसं येतात.
गुडघे टेकतात, माती जिभेवर ठेवून चाखतात.
नफीसाला हे सांगितलं की ती अजून पदराआड हसते.
मग बाटलीतल्या आम्लाचा एक थेंब.
खालच्या दगडावर तो फसफसतो:
शिंपल्यांचा चुना, नांदतं घर.
करड्या मातीवर पडतो
आणि नुसता पडून राहतो.

माजिदा म्हणून एक मुलगी आली होती, सुएझची.
बूट झटकता झटकता म्हणाली,
काका, इथे समुद्र होता.
पाच कोटी साठ लाख वर्षांमागे
जमिनीच्या पोटातला कोळसा हवेत शिरला,
जग पाच अंशांनी तापलं, पाणी आंबलं,
तळाच्या जिवांची घरं त्यांच्या अंगावरच विरघळली.
किती दिवसांत? मी विचारलं.
तीन-चार हजार वर्षं लागली असतील.
आमच्यात याला घाई म्हणतात.
आणि आत्ता?
तिनं माझ्या मोटरसायकलकडे पाहिलं,
मग स्वतःच्या जीपकडे.
याच्या दहापट घाई, म्हणाली,
आणि साखर जरा जास्त घाला.

जूनमध्ये पारा एकोणपन्नासवर.
वीज दुपारी जाते, नेमकी दुपारीच.
शेनूदाच्या कोंबड्या एका तासात आडव्या झाल्या,
त्यानं त्या मोजल्या नाहीत, पोत्यात भरल्या.
विंचू घरात येतात, सावलीला.
त्यांना तरी काय बोलणार.

एका रात्री झोप लागेना,
तसा सलगमच्या लोणच्याचा सिरका घेतला
आणि नातीला, तस्नीमला, घेऊन खाणीवर गेलो.
तिनं बोट बुडवलं, खाली टेकवलं.
कान लाव, म्हटलं. बारीक चुरचुर.
मग करड्या मातीवर.
आजोबा, ही रुसलीय का?

नाही ग. घरी कुणी नाहीये.

मग तिला खांद्यावर घेतलं.
हात वर कर, आणखी वर,
तो फिकट थर दिसतो ना, तिथे.
अंधारात मला काही दिसलं नाही,
तीच ओरडली: बोलतेय!

माझ्या गुडघ्यापासून तिच्या बोटापर्यंत
एवढीच उंची.
माजिदानं आकडा सांगितला होता,
लाखांत होता, दीड की दोन, मी विसरलो.
तस्नीम म्हणाली, उतरवा आता.
मी थोडा वेळ तिला तशीच धरून उभा राहिलो.