वीस-पन्नास

दौलतगंजात दुकानदारानं सोनेरी डबा पुढे सरकवला:
सिंथेटिक, सगळ्यात महाग.
मी पैसे काढलेसुद्धा.

कुशवाह मिस्त्रीनं झाकण उघडलं, हुंगलं, परत लावलं.
“बाईसाहेब, ये तो सब धो डालेगा.”
एकोणऐंशीची बुलेट ही,
सांध्यांत बसलेली काजळीच
आता हिचं गॅस्केट.

तेव्हा साधं मिनरल, वीस-पन्नास,
ग्वाल्हेरच्या जूनमध्येही अंग धरून राहणारं.

जुनं तेल तसराळ्यात उतरलं, काळं, कोमट.
त्यानं चिमटीत चोळून पाहिलं,
कण लागला नाही.
मला उगाच हायसं वाटलं.

कंपूपर्यंत आले तर खाली एक थेंब.
एवढं चालायचंच.

घरी वन्सं म्हणाल्या,
जुनं सगळं काढून टाक एकदाचं.
मी मोरीत
रॉकेलनं नखं घासत होते.