सनदेतली बाई

नरसोजी स्वारीबरोबर आला
आणि वैनगंगेकाठी राहिला.
सनदेवर बावीस गावं, सात तळी,
मोहाची झाडं नऊशे चार, मोजून.

मोजणाऱ्या कारकुनाला गोंडी येत नव्हती.
त्यानं ऐकली तशी नावं लिहिली;
एसटीच्या पाटीवर
ती अजून तशीच, चुकलेली.

थोरला मुलगा कटकच्या वाटेवर गेला.
त्याचं वतन मधल्यानं घेतलं,
मधल्याचं धाकट्यानं,
आणि मधल्याचं काय झालं
ते कागद सांगत नाही.

बायको तीन गावं घेऊन आली होती.
गावांची नावं आहेत.

झिंगरू मडावी जाळं झटकत म्हणाला,
"हिले आमी बाईची बोडी म्हनतो.
कोन बाई, थे मालूम नाई.
पयला मासा तेवढा
वापस सोडतो."