नदीचं मूळ

तार्तूत काही रस्त्यांना भाज्यांची नावं आहेत.
हेर्ने म्हणजे वाटाणा, कार्तुली म्हणजे बटाटा.
आणि बाजूनं वाहते एमायोगी.
योगी म्हणजे त्यांच्या बोलीत नदी.
माझे कान मराठी; त्यांना दर वेळी
छाटी नेसलेलं पाणी ऐकू येतं.

उर्वे तिथं एका मदत-केंद्राची वेबसाईट सांभाळते.
घर सोडू पाहणाऱ्या बायकांसाठी एक पान:
वकील, डॉक्टर, रात्रीची शेवटची बस,
आणि अगदी तळाशी, भाड्याच्या खोल्या.
खोलीवर बोट टेकवलं, की ब्राउझर
पुढच्या दारात हळूच सांगून मोकळा होतो,
ही अमक्या पानावरून आली बरं का.
कुणी विचारलेलं नसतं.
चहाडी म्हणावी, तर तसंही नाही;
लग्नघरात एखादे मामा ज्या उत्साहानं
कोण कुणाची ते सांगत फिरतात, तितकंच निरागस.

या सांगण्याला जे नाव आहे
त्यातलं एक अक्षर म्हणे सुरुवातीलाच गळलं,
स्पेलिंग चुकलं,
आणि साऱ्या जगानं ते तसंच चालवलं.
उर्वेचा त्या गळलेल्या अक्षरावर जीव आहे.
"ते एकटंच सुटलं," म्हणते.

नोव्हेंबरात तिच्या लक्षात आलं.
तिच्या पानावरून गेलेल्या बायकांना
खोली नेहमी "आत्ताच गेली हो".
तीच खोली तिनं घरून, स्वतःच्या नावानं विचारली,
तर रिकामी. पडद्यांसकट.
चौकशीच्या अर्जाबरोबर मालकांना दिसत होतं
कोण कुठून आलं ते.
आणि मागोमाग कुणीतरी येईल, रात्री दार बडवेल,
ही त्यांची भीती
अगदीच खोटी होती असंही नाही.

मग तिनं मधे एक पान बांधलं.
पान कसलं, उंबरा.
त्यावर चित्र नाही, शब्द नाही,
पाऊण सेकंद नुसतं पांढरं.
पोटात दोन ओळी: एकीत नो-रेफरर,
दुसरीत पुढचा पत्ता.
पलीकडच्या वहीत आता एवढंच उमटतं: थेट.
जणू बाईला पत्ता लहानपणापासून तोंडपाठ होता.

केंद्राचे रेइमोसाहेब म्हणाले,
"किती जणी गेल्या, ते मोजणार कसं?"
"मोजणार नाही."
"मग अनुदानाच्या अर्जात लिहू काय?"
"लिहा, पान पांढरं आहे."

एनेली हेर्ने रस्त्यावरून निघाली
ती एक पिशवी आणि मांजराचा पिंजरा घेऊन.
पिंजऱ्यात मांजर नव्हतं. टोस्टर होता.
पूल, सात थांबे, तिसरा मजला.
काल्यूनं दार उघडलं: लोकरी मोजे,
हातात स्क्रूड्रायव्हर, कपाळावर चष्मा.
"कुठून आलात?"

हे पुसायला उर्वेकडे ओळ नाही.
जिन्यातला दिवा आपसूक विझला,
काल्यूनं भिंत चाचपून तो पुन्हा लावला.
"नदीपलीकडून," एनेली म्हणाली.
अर्धं गाव नदीपलीकडूनच येतं.
त्यानं पिंजऱ्यात वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं,
आणि म्हणाला, "हा आणि किटली
एकदम लावू नका. फ्यूज उडतो."

उर्वेला यातलं काही कळलं नाही.
कळू नये, अशीच तर सोय तिनं केली होती.
अजून कधी जेवताना घास हातात धरून थांबते,
गेली असेल का कुणी,
मग मीठ मागते.

आपल्याकडे म्हणतात, नदीचं मूळ
आणि ऋषीचं कूळ विचारू नये.
तार्तूत ही दोन्ही एकाच शब्दात मावतात,
निदान माझ्या कानात तरी.

आणि हे सगळं मला कुठून कळलं म्हणाल,
तर तुमच्या वहीत लिहा:
थेट.