दाराची फट

सलामत नायतानं बोनेट उघडलंच नाही.
उकिडवा बसला, दाराच्या फटीशी डोळा नेला:
वर पोस्टकार्ड जाईना,
खाली करंगळी आरामात.
"मैडम, कमर गई है इसकी," म्हणाला
आणि चहा सांगितला. दोन.

मी तीस वर्षं आठवीच्या वर्गांना
खिळा दाखवला, परीक्षानळी दाखवली,
उकळलेलं पाणी, वर तेलाचा थर.
फळ्यावरचं समीकरण नेहमी जुळायचं.
इथे, पालद्याच्या शेडमध्ये,
तो फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक
हिरव्या रंगावरून सरकवत होता.
चिकटलं, चिकटलं, चिकटलं,
मागच्या चाकाच्या कमानीपाशी टपकन पडलं.
तिथे लोखंड नव्हतंच. बोटभर पुट्टी,
पुट्टीखाली वनस्पती तुपाच्या डब्याचा तुकडा, रिबिटा मारलेला,
त्यावरचं ताडाचं झाड अजून टवटवीत.

मी म्हणते गंज, तो म्हणतो जंग.
"गंज किती आहे?" मी विचारलं
तर त्याचा पोरगा चटकन म्हणाला,
"सियागंज? चार किलोमीटर."
तिघंही हसलो.
मग सलामतनं पेचकस घेतला,
दाराखालच्या पट्टीला टेकवला.
मुठीपर्यंत आत गेला. आवाज नाही.

महूच्या दस्तूरबाईंनी गाडी देताना एवढंच सांगितलं होतं:
"कर्नल जोरात चालवायचे. फार जोरात."
किल्ल्या टेबलावर ठेवल्या, नोटा मोजल्या नाहीत.
आता गालिचा उपसला तर
चालवणाऱ्याच्या पायाखालचा पत्रा धड
आणि शेजारच्या सीटपुढे एक खळगा,
उजव्या टाचेएवढा, झिजून कागद झालेला.
त्यातून शेडची जमीन दिसते.
ब्रेक जिथे नसतोच, तिथे
बावीस वर्षं कुणीतरी ब्रेक दाबत होतं.

तो तुकडा ठेवूया का, असं माझ्या ओठांवर येईतो
त्यानं कापून ढिगात फेकलाही.
चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं,
आणि लागला की वर दोन बोटं आणखी.

पट्ट्यांना हात लावण्याआधी मात्र
त्यानं दाराच्या रिकाम्या चौकटीत अँगल आडवे वेल्ड केले.
छप्पर नसलेल्या गाडीचा सगळा भार
ह्या दोन पट्ट्यांवर.
टेकू न देता कापल्या
तर घडीच्या खाटेसारखी मिटेल.

एकोणीस दिवस. मी डबा घेऊन यायची.
एक टाका इथे, दुसरा पार तिकडे, मग मध्ये.
सलग ओढला तर "चादर बुरा मान जाती है."
नव्या पट्टीच्या पोटाला तीन भोकं राहिलेली दिसली,
मी चूक काढल्यासारखं बोट ठेवलं.
तो म्हणाला, ही बुजवायची नाहीत कधी,
पाणी शिरणारच, त्याला बाहेरची वाट हवी.
जुन्यांमध्ये गुलमोहराचा पाला ठासून बसला होता.

भंगार साडेअकरा किलो. लोहामंडीत बत्तीसचा भाव.
पैसे पोराला ठेव म्हटलं.
तीनशे अडुसष्ट हे तोंडी आलं,
गाडी किती उरली ते काही काढता येईना.

शेवटी मेण वितळवून पिचकारीनं पोकळीत मारलं.
तेलाचा थर, मी मनात म्हटलं.
अँगल कापले, जॅक उतरवले.
सलामतनं काडेपेटीतली काडी काढून
फटीतून वरपासून खालपर्यंत फिरवली.
कुलपाच्या जरा वर अडकली.
दार उघडून त्यानं खांद्यानं एक धक्का दिला,
लावलं. टक्.

चाचणी मीच घेणार, म्हणाला, आणि चाकामागे बसला.
मी शेजारी.
बायपासवर साठ, सत्तर, पंच्याऐंशी,
केस तोंडावर, समोर एक ट्रॅक्टर वळायच्या बेतात,
आणि नव्या पत्र्यावर,
जिथे काहीच नाही तिथे,
माझी उजवी टाच.