तिसरी हाक

नोव्हेंबरात फोन आला, उत्स्योकीच्या पलीकडून.
ग्रंथालयाची बस नदीकाठी उभी,
आत चौदा मुलं, दोन म्हाताऱ्या, एक कुत्रा,
आणि मॉडेमचा दिवा लाल.
नीलास म्हणाला, "तुझ्या यंत्राने कार्ड मारलं."
एवढंच. फोनवर तो शब्द वापरतो
थंडीत डिझेल वापरावं तसे.

मी ओउलूत, चौथ्या मजल्यावर. नोंदी उघडल्या.
९.०४ : पिन चुकला.
९.०४ : पिन चुकला.
९.०४ : पिन चुकला. कार्ड बंद.
एका मिनिटात तीनदा दार ठोठावून
माझाच प्रोग्रॅम बाजूला झाला होता,
त्या गावचा नसल्यासारखा.

ही बस आठवड्यातून दोनदा पूल ओलांडते.
अलीकडे फिनलंड, पलीकडे नॉर्वे,
नदी एकच, तिला नावं तीन.
नीलासकडे तंबाखूची रिकामी डबी आहे,
तीत सिम कार्डं, कापसात, अंगठीसारखी.
पूल आला की तो हातमोजा दातांनी ओढतो,
एक काढतो, दुसरं बसवतो.
पूर्वी पिनही तोच टाकायचा.
गारठ्यात बोटं वळत नाहीत, म्हणून मी सोय केली:
यापुढे यंत्रच लक्षात ठेवील.
आणि मी शहाणीने पिन बांधला मॉडेमशी.
मॉडेम तोच, म्हणजे आतला माणूस तोच!
बिऱ्हाडकरू बदलला तरी
पाटीवरचं जुनं नाव वाचून
हाका मारत राहावं, तसं.

कार्डाचं खरं नाव कुलपाच्या आत असतं.
पिन दिल्याशिवाय ते सांगत नाही,
आणि कोण आहे ते कळल्याशिवाय
कुठला पिन द्यायचा?
किल्ली पेटीत, पेटीला कुलूप.
पण पाठीवर एक लांबलचक आकडा असतो,
तो कुलूप असतानाही वाचता येतो:
आधी जात, मग देश, मग कंपनी,
शेवटी त्याचा एकट्याचा क्रम.
नीलासच्या घरीही असंच सांगतात,
आजोबा, बाप, मग आपण:
आन्ते युहान नीलास.
आडनाव नंतर आलं, कागदांच्या सोयीला.

तो आकडाही सरळ येईल तर शपथ.
हा मॉडेम जोड्या उलटवून सांगतो,
८९ चे ९८, ४७ चे ७४,
आणि शेपटीला रिकाम्या जागी एक उपरं अक्षर.
दोन रात्री मी जोड्या सुलट्या करत बसले,
धुतलेले मोजे जुळवावेत तशा.

फेब्रुवारीत नवी आवृत्ती घेऊन मीच गेले.
उणे एकतीस.
पुलाशी नीलासने कार्ड बदललं
आणि इंजिन चालू ठेवून आपणहून बोलला:
"शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी नीलो म्हणून हाक मारली.
मला वाटलं, असेल दुसरा कुणी.
पुन्हा नीलो. मी खिडकीबाहेर बघितलं.
तिसऱ्यांदा त्या माझ्या बाकापाशी आल्या.
मग बर्फ वितळेपर्यंत
मी वर्गात एक शब्द बोललो नाही."
"मग उघडलं कुणी?"
"स्वयंपाकीण होती एक. तिने नाव विचारलं."

दिवा केशरी. पाठ वाचली गेली,
त्याच कार्डासाठी राखलेला पिन गेला, एकदाच.
हिरवा.

डबीच्या तळाशी तिसरं कार्ड निघालं,
कुणाचं ते त्यालाही आठवेना.
गंमत म्हणून बसवून बघितलं.
प्रोग्रॅमने पाठ वाचली, वही चाळली,
आणि हात मागे घेतला.
पडद्यावर एवढंच:
ओळख नाही. पिन विचारा.

नीलास त्या ओळीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.
मग हिरवं कार्ड परत बसवून
त्याने डबीचं झाकण लावलं, ब्रेक सोडला.
पहिल्या थांब्यावर एक बाई आधीच उभी होती,
मुदत उलटून गेलेली तीन पुस्तकं
कोटाच्या आत, पोटाशी धरून.